आतड्यातले राखणदार

दोस्तांनो, डहाणू-घोलवडचा चिकू ठाऊक नाही असा कोण आहे? २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. डहाणूच्या वाडीतला असो की तलासरीच्या बाजारातला, चिकू हाती आला की आपण तो न धुताच तोंडात टाकतो. त्याच्याबरोबर कितीतरी जंतू पोटात जातात. तरी दर वेळी पोट बिघडत नाही. असं का बरं?

कारण आतड्याच्या अस्तरात राखणदार बसलेले असतात. त्यांचं नाव प्लाझ्मा पेशी. जंतूंना चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, याच पेशी तयार करतात, हे स्वीडनच्या अस्ट्रिड फाग्रेअस यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं. शरीरातल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी आतड्यातच असतात. तिथलं मुख्य प्रतिपिंड 'आयजीए'. ते गुपचूप जंतूला चिकटतं आणि त्याला अस्तराजवळ फिरकू देत नाही. आरडाओरडा नाही की मारामारी नाही!

'अल्सरेटिव्ह कोलायटिस' या आजारात मात्र 'आयजीजी' नावाचं दुसरं प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी खूप वाढतात. हे प्रतिपिंड जणू शिट्टी फुंकून लढाऊ पेशींची फौज बोलावतं. आतड्यात नेहमी राहणाऱ्या जंतूंवरच हल्ला होतो, आणि त्या धुमश्चक्रीत आपलंच अस्तर सुजतं, जखमा होतात, शौचावाटे रक्त जातं.

मग डॉक्टर अस्तराचा इवलासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. अस्तराच्या तळाशी प्लाझ्मा पेशींची गर्दी दिसली, की हा चार दिवसांचा जंतुसंसर्ग नसून मुरलेला आजार असावा, असा अंदाज येतो. याच जातीचा दुसरा आजार 'क्रोन्स'. तो आतड्याच्या क्षयरोगासारखाच दिसतो, पण दोन्हींची औषधं अगदी वेगळी. क्रोन्सची काही औषधं क्षयाच्या रुग्णाला दिली तर क्षय उलट बळावतो! म्हणून मनानं औषध घेणं नको, तपासणीच हवी.

कोलायटिस काय किंवा क्रोन्स काय, एकत्र जेवल्या-खेळल्यानं हे आजार लागत नाहीत. त्यात मुलाचा काही दोषही नसतो. तेव्हा शौचाला रक्त दिसलं, आठवडेच्या आठवडे जुलाब होत राहिले किंवा वजन घटू लागलं, तर लाजू नका. आईबाबांना सांगा. आश्रमशाळेत राहत असाल तर अधीक्षकांना सांगा. आणि पालकहो, मुलानं सांगितलं की त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या.

आणि हो, राखणदार कितीही हुशार असले, तरी चिकू धुऊनच खायचा बरं का!