अर्थिंगचा चिमटा आणि आपली घाई

यंत्राची पूजा करण्यात आपला हात कोणी धरणार नाही. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरपासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा घालतो, नारळ फोडतो, हळदकुंकू लावतो. पण त्याच हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरताना जी एक तार जोडायची असते, तिच्या चिमट्याचे दात गंजले आहेत की स्प्रिंग ढिली झाली आहे, हे पाहण्याची बुद्धी आपल्याला होत नाही. श्रद्धेवर माझा राग नाही. हाताने घ्यायची काळजी देवावर सोपवून मोकळे होण्याची जी पिढीजात सवय आपल्या अंगात मुरली आहे, तिच्यावर आहे.

त्या तारेचे काम समजायला विद्वत्ता लागत नाही. थंडीत स्वेटर काढताना जी चटचट होते, तीच वीज इथेही असते. विमानाचे इंधन विजेचे अत्यंत वाईट वाहक. नळीतून आणि विशेषतः फिल्टरच्या बारीक जाळीतून ते जोराने वाहते तेव्हा त्यात विद्युतभार साठतो आणि लवकर ओसरत नाही. दुसरीकडे धुळीत फिरणाऱ्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवरही भार चढतो. टाकीचे झाकण उघडण्याआधी बॅरल किंवा टँकर हेलिकॉप्टरला तारेने जोडला, नोझलची स्वतःची तार जोडली, की दोहोंमधला फरक निमूटपणे मिटतो. नाहीतर तो टाकीच्या तोंडाशी ठिणगी होऊन मिटतो, आणि बोटाला जेमतेम जाणवणारी ठिणगीही वाफ पेटवायला पुरते. एटीएफ, म्हणजे हे विमानाचे इंधन, रॉकेलच्या जातीचे, ते सहजी पेटत नाही, असा एक लाडका समज आहे. पण ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, ते ३८ अंश सेल्सिअसच्या खाली नसावे, एवढाच दंडक आहे. अकोला-चंद्रपूरचा मे महिना त्याच्या किती वर जातो, हे विदर्भातल्या पोरालाही सांगावे लागत नाही. उन्हात ठेवलेले बॅरल तर त्याहून तापते. हवा कोरडी, त्यामुळे कपड्यांवर आणि अंगावर चढलेला भारही टिकून राहतो. आणि लोकसभेच्या प्रचाराची धामधूम नेमकी याच दिवसांत येते.

आता सभेच्या मैदानावर या. चुन्याने आखलेल्या वर्तुळाजवळ एक मदतनीस बॅरलशेजारी उकिडवा बसून हेलिकॉप्टरवर चिमटा लावायची जागा शोधतो आहे. रंगावर लावलेला चिमटा न लावल्यासारखाच, हे त्याला ठाऊक आहे. तो म्हणतो, "साहेब, दोन मिनिटं." कुणीतरी खेकसतो, "आटप रे! रोजच भरतोस ना? काही होत नाही." विमानतळावर हीच तार जोडणे रोजच्या कामाचा भाग असते. तेच यंत्र, तीच माणसे तालुक्याच्या मैदानावर आली की शिस्त सैल का पडावी? कारण तिथे आपण असतो. दोरी ओलांडून पुढे घुसणारे आपण, घड्याळ दाखवणारे आपण, उशिराबद्दल नावे ठेवणारेही आपणच. हे लिहिणाराही त्याच गर्दीतला. थांबायला सांगण्याचा अधिकार आपल्याकडे पदाला असतो, जाणकाराला नसतो, आणि जाणकार खालच्या पायरीवरचा असला तर त्याचे ऐकणे हा आपल्याला कमीपणा वाटतो. ‘आजवर काही झाले नाही’ हा युक्तिवाद आपण गटारात उतरवलेल्या माणसासाठी वापरला, फटाक्यांची दारू भरणाऱ्या बाईसाठी वापरला. आग लागली तर आधी भाजेल तो नळी धरणारा. मग आपण मदतीचा धनादेश जाहीर करू, अहवालात ‘मानवी चूक’ असे लिहू, आणि ती चूक त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होईल.

हे बदलणे अवघड नाही, म्हणून तर आपल्याला क्षमा नाही. सभांचे वेळापत्रक आखतानाच इंधनाची वीस मिनिटे त्यात धरावीत. पंखा थांबून, तारा जोडल्याचे त्या मदतनिसाने सांगेपर्यंत झाकणाला कोणी हात लावू नये, आणि भरणे संपून झाकण बसेपर्यंत तार कोणी काढू नये. त्याने नको म्हटले तर उड्डाण थांबावे आणि त्याच्या रोजगाराला धक्का लागू नये. पुढाऱ्याला उशीर झाला तर आपण उन्हात थोडे जास्त उभे राहू. त्यांच्यासाठी तासन्‌तास ताटकळण्याची आपल्याला तशीही सवय आहे.