पेटी आणि घर

जहाजावरच्या पोलादी कंटेनरचे घर करावे, ही कल्पना प्रथमदर्शनी मोहक वाटते. पेटी तयार मिळते, उचलून कुठेही ठेवता येते, शिवाय पुनर्वापराचे पुण्य पदरी पडते. माझा आक्षेप या मोहकतेलाच आहे.

1956 साली माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजातून 58 कंटेनर अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले आणि मालवाहतुकीचे युग पालटले. पुढे पेटीची मापे ठरली ती जहाज, रेल्वे आणि ट्रक यांच्या सोयीने. माणूस तिथे गृहीत धरलेलाच नव्हता. बाहेरची आठ फुटांची रुंदी आत जेमतेम पावणेआठ भरते. दोन्ही भिंतींना तीन-तीन इंचांचे उष्णतारोधक अस्तर लावले की सव्वासातही धड उरत नाहीत. अस्तर टाळावे, तर उन्हात पोलाद तापते आणि थंडीत माणसांच्या श्वासातली वाफ त्याच भिंतींवर पाणी होऊन साचते; पाठोपाठ बुरशी येते. खिडकीसाठी पन्हळी भिंत कापली की तिची ताकद घटते. मग नवी चौकट, नवे वेल्डिंग, आणि ‘स्वस्त’ हे विशेषण हळूहळू गळून पडते.

हौसेने अशा घरात राहणाऱ्याला निदान बाहेर पडण्याची मुभा असते. इंग्लंडमध्ये मात्र बेघर कुटुंबांची तात्पुरती सोय म्हणून कंटेनर वापरले गेले. तिथल्या बाल-आयुक्तांनी 2019 च्या अहवालात ही घरे उन्हाळ्यात भाजून काढणारी, हिवाळ्यात गोठवणारी आणि मुलांसाठी अपुरी असल्याचे नोंदवले. अहवालाचे नाव होते ‘ब्लीक हाउसेस’. डिकन्सच्या 1853 मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीचे शीर्षक अनेकवचनात गेले, यातच पुष्कळ काही आले.

छप्परच नसण्यापेक्षा हे बरे, असा युक्तिवाद होईल. तो खोटा नाही. पण सोयीचा आहे. ‘तात्पुरते’ हा शब्द सोय करणाऱ्याच्या कागदावर लहान असतो. पेटीत वाढणाऱ्या मुलाच्या लेखी ते त्याचे बालपण असते. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीतली वैशाखातली दुपार ज्याने काढली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

घराला मराठीत उंबरठा असतो, ओसरी असते, माजघर असते. आत आणि बाहेर यांच्यामध्ये थांबायच्या या जागा. पेटीला फक्त झाकण असते. माणसाच्या मापाने घर बांधायचे की घराच्या मापाने माणूस कापायचा, हा प्रश्न वास्तुशास्त्राइतकाच नीतीचाही आहे.