राष्ट्रीय वाद्यवृंदात हलगी कुठे बसते?



शिरूरपासून दौंडपर्यंत जयंतीच्या प्रत्येक बैठकीत एकच विषय असतो: यंदा डीजे कुणाचा आणि बेस किती. आम्ही म्हटलं, हलगी, डिमडी, पेटी आणि व्हायोलिन घेऊन आपला स्वतःचा वाद्यवृंद उभा करू. त्यावर एक शिकलेला मित्र हसला. म्हणाला, "हलगी काय ऑर्केस्ट्रात बसते होय?" मित्रावर आमचा राग नाही. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कुणी पेरला, ते मात्र बघावं लागेल.

दिल्ली रेडिओवर वाद्यवृंदाचा प्रयोग इंग्रज काळातच झाला. १९३७ साली जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार तिथे पाश्चात्य संगीताचा प्रमुख म्हणून आला आणि त्याने भारतीय वादकांना एकत्र बसवून मेळ बांधला. याच माणसाने पेटीविरुद्ध लेखणीही चालवली. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली. कारण काय, तर पेटीत श्रुती नाहीत, मींड निघत नाही. संगीताच्या अंगाने यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. झळ ख्यालगायकांनाही लागली, पण त्यांच्या साथीला सारंगी होती. गावच्या भजनी मंडळाकडे, तमाशाकडे, आपल्या जलशाकडे सारंगी कुठून येणार? ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. संविधान आलं, अस्पृश्यता कायद्याने गेली आणि पेटीचं सोवळं तेवढं एकतीस वर्षं टिकलं!

१९५२ साली आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद उभा राहिला. पहिले संचालक रविशंकर. सतार, सरोद, वीणा, बासरी, व्हायोलिन. रागांवरच्या रचना, ऋतूंवरच्या रचना, शिवाय गावोगावच्या लोकधुना. १९५६ मध्ये बासरीवादक पन्नालाल घोष संचालक म्हणून आले. त्यांच्या रचनांत 'ज्योतिर्मय अमिताभ' आहे. अमिताभ म्हणजे बुद्ध. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हा या वाद्यवृंदाचं संगीत टाकाऊ आहे असं कुणी समजू नये. ते ऐकलंच पाहिजे. आमची तक्रार वेगळी आहे. लोकधून आत घेतली आणि ती पिढ्यान्पिढ्या वाजवणारा दाराबाहेर ठेवला. त्याच्यासाठी 'लोकसंगीत' नावाची वेगळी पंगत मांडली. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आपलं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर त्याने गीतरामायण दिलं, ५६ गाणी. चाली उत्तम, गाणारे उत्तम. पण त्याच्या कितीतरी आधीपासून भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव माणसं जागी करत फिरत होते. त्या जलशाला अशी वर्षभराची मालिका का सुचली नाही? कुणी सांगेल, शाहीर विठ्ठल उमप आकाशवाणीवर गायलेच की. गायले, आपल्या ताकदीवर गायले. तिथे जलशाला खिडकी मिळाली, घर मिळालं नाही.

आता थोडं आपल्याकडेही बोट. मयताला, दवंडीला, पाटलाच्या दारात हलगी वाजवणं ही कला नव्हती, वेठ होती. म्हणून आपल्या आजे-पणज्यांनी ती खाली ठेवली आणि बरोबर केलं. पण सोडायची होती ती वेठ. तालाने आपलं काय बिघडवलं होतं? मातंग वाजंत्र्यांनी हलगी धरून ठेवली, त्यांना आपण जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालवतो का, की ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमागे ढकलतो? बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकले. व्हायोलिन साहेबाचं म्हणून त्यांनी ते नाकारलं नाही, मग हलगी बलुत्याची म्हणून आपण कुठवर लाजणार?

शिरूर आणि दौंडच्या मंडळांना आमचं सांगणं आहे: डीजेच्या एका रात्रीचा खर्च कमी करा आणि तो पैसा वादकांना मानधन म्हणून द्या. देताना पाकीट हातात कोंबू नका, मंचावर खुर्ची देऊन द्या. पेटी आमच्याकडे आहे. डिमडीवाले दोघे तयार आहेत, व्हायोलिन शिकणारी एक पोरगी शिरूरहून येते म्हणाली आहे. पहिली तालीम दौंडला, येत्या रविवारी. हलगीवाल्यांकडे निरोप घेऊन कुणाला पाठवू नका, आपण सगळे मिळून जाऊ.