खांडबाऱ्याच्या रात्रपाळीचा हिशेब

सुरत-भुसावळ लोहमार्गाने जाणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांनी खांडबारा हे स्थानक डब्याच्या खिडकीतूनच पाहिले असेल. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील हे लहानसे गाव. भोवतालच्या पाड्यांवर मावची, गावित, भिल्ल कुटुंबांची वस्ती. खरिपाचे पीक हाती आले की त्यांतील अनेक जण ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात. गावात शासनाचे ग्रामीण रुग्णालय आहे. आज या स्तंभात आम्ही या गावाचे नाव घेत आहो, याचे कारण एवढेच की, परिचारिकांविषयी जी धोरणे राजधानीत आखली जातात, त्यांची परीक्षा दिल्लीत होत नाही व मुंबईतही होत नाही. ती खांडबाऱ्यासारख्या गावी रात्री दोन वाजता होते.

हिशेब अगदी शाळकरी आहे. ग्रामीण रुग्णालय सामान्यतः तीस खाटांचे असते. तेथे अष्टौप्रहर दोन परिचारिका हजर ठेवावयाच्या, एक रुग्णकक्षात व एक प्रसूतिगृहात, असे धरू. याहून कमी धरता येत नाही, कारण अडलेल्या बाळंतिणीचा हात सोडून तापाने फणफणलेल्या मुलाकडे कोणी धावू शकत नाही. दिवसाच्या तीन पाळ्या आणि आठवड्याचे सात दिवस म्हणजे दोघींच्या मिळून बेचाळीस पाळ्या झाल्या. साप्ताहिक सुट्टी सोडल्यास एक परिचारिका सहा पाळ्या करते. म्हणजे सात परिचारिका हव्यात. आणि त्याही अशा की, ज्या कधी आजारी पडत नाहीत, बाळंतपणाची रजा घेत नाहीत, प्रशिक्षणास जात नाहीत आणि ज्यांची बदली होत नाही! अशा परिचारिका या भूतलावर नसल्यामुळे आठवी आणि नववी ही चैन नसून गरज आहे. सातांतील दोन जागा रिक्त राहिल्या, की रात्रपाळीला एकटी बाई उरते, आणि त्या रिक्त जागांची किंमत कोषागार मोजत नाही. ती पाड्यावरून आलेली बाळंतीण मोजते.

प्रश्न नवा नाही. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. स्वातंत्र्यानंतर १९४७ सालीच भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पुढे गावोगावी पोहोचावी म्हणून साहाय्यक परिचारिका-प्रसाविका निर्माण झाली. परंतु १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करण्याची शिफारस केली आणि १९७७ मध्ये तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आला. कामे वाढली, शिक्षण घटले. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे पुरी करणे हेच तिच्या कर्तव्याचे माप होऊन बसले आणि तिच्या हातातील प्रसूतीचे कसब मागे पडले. १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचर्येच्या प्रश्नांसाठी उच्चाधिकार समितीही नेमली गेली. अहवालांचा दुष्काळ या देशाला कधीच पडला नाही.

आता २०२३ मध्ये दोन मोठी पावले टाकली गेली. २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीला १५७ परिचर्या महाविद्यालये उभारण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला व त्यासाठी १,५७० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० साली सुरू झाले असल्याने हा जिल्हाही योजनेच्या कक्षेत येतो, ही समाधानाचीच गोष्ट होय.

पण महाविद्यालय म्हणजे परिचारिका नव्हे, आणि नोंदवहीतील नाव म्हणजे खाटेशेजारचे माणूस नव्हे. देशात दर हजार लोकसंख्येमागे १.९६ परिचारिका आहेत, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे. हा आकडा नोंदणीवर आधारलेला. जी परदेशी गेली, जिने लग्नानंतर व्यवसाय सोडला, जी नोंदणी करून घरी बसली, तिचे नावही वहीत राहू शकते. नव्या कायद्याने सतत अद्ययावत राहणाऱ्या नोंदवहीची तरतूद केली आहे, ती याचसाठी स्वागतार्ह. परंतु नोंदवही अद्ययावत झाली तरी ती एवढेच सांगेल की परिचारिका नाही. ती का नाही, याचे उत्तर धोरणानेच द्यावयाचे आहे.

ते उत्तर आमच्या मते असे आहे. आपण परिचारिका घडवितो एका ठिकाणी, तिची गरज असते दुसऱ्या ठिकाणी, आणि तिला मान व स्थैर्य मिळते तिसऱ्याच ठिकाणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. परदेशी जाऊन आपल्या गुणांचे चीज करून घेणाऱ्या मुलींना दोष देण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. मात्र जर्मनीतील रुग्णालयाची निकड ओळखणाऱ्या शासनाने खांडबाऱ्याची निकडही ओळखावी, ही अपेक्षा गैर आहे काय? मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला, तो बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध होता. ज्या पदाला उद्याची शाश्वती नाही, त्यावर माणूस टिकत नाही. आणि जे पद शहरातही कोणी पत्करीत नाही, त्यासाठी नवापूर तालुक्यात कोण येणार?

उपाय दूर नाही. तो त्या पाड्यांवरच आहे. रुग्णाची मावची बोली जिला कळते, कोणते कुटुंब केव्हा गावी परतते हे जिला ठाऊक असते, सिकलसेलच्या रुग्णाची समजूत त्याच्या घरच्या शब्दांत जी घालू शकते, अशी मुलगी त्याच परिसरात आहे. नवापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. राज्यपालांनी ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अशा क्षेत्रांतील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याचे ठरविले, त्यांत साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचे पद होते. पुढे एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील शिक्षकांच्या शंभर टक्के आरक्षणाचा आदेश रद्द केला. त्याच्या छायेत आपल्याकडील भरतीही वादात अडकली, आणि २०२४ साली निवड झालेल्या उमेदवारांना मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याची पाळी शासनावर आली. घटनेचा प्रश्न न्यायालयाने सोडवावा. पण तो सुटेपर्यंत शिक्षणाची वाट बंद ठेवण्याचे कारण काय?

कोणी म्हणेल, स्थानिकांचा आग्रह धरला तर गुणवत्ता खालावेल. आम्ही परीक्षेत सवलत मागत नाही. परीक्षेपर्यंत पोहोचण्याची सोय मागतो. बी. एस्सी. नर्सिंगला बारावीपर्यंत विज्ञान व इंग्रजी लागते. ज्या आश्रमशाळेत विज्ञान शाखाच नाही, तेथील मुलीला हा दरवाजा उघडण्याआधीच बंद झालेला असतो. तिच्यासाठी एका वर्षाचा पूर्वतयारीचा वर्ग, विद्यावेतन व वसतिगृह, एवढे दिले तर अंतिम परीक्षा तिने इतरांच्याच बरोबरीने द्यावी.

आमच्या सुशिक्षित वाचकांनी येथे एक जुनी आठवण ताजी करावी. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि रमाबाई रानडे यांनी घराच्या कोपऱ्यात कोंडलेल्या विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पाठविले. त्या काळच्या पांढरपेशा समाजाने त्यावर नाके मुरडली होती. मुरडलेली नाके आजही पुरती सरळ झालेली नाहीत. रुग्णालयात गरज पडली की आपण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. घरातील मुलीने तोच व्यवसाय निवडला तर मात्र हळहळतो. ज्या कामाला समाज मान देत नाही, त्यासाठी तो सरकारकडे आग्रहही धरीत नाही.

याच नंदुरबार जिल्ह्याने २०२१ च्या साथीत राज्याला एक धडा दिला होता. प्राणवायूची नासाडी टाळण्यासाठी तेथे रुग्णांच्या प्राणवायूवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्यात आल्या आणि राज्य शासनाने तो प्रयोग इतर जिल्ह्यांना अनुकरणीय म्हणून सांगितला. यंत्रे उभारली तरी ती माणसाच्या जागृत डोळ्यांवाचून निरुपयोगी, हे त्या वेळी सर्वांना पटले होते. साथ ओसरली म्हणून ते खोटे ठरत नाही.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. नंदुरबारच्या परिचर्या-शिक्षणात अनुसूचित क्षेत्रातील मुलींसाठी पुरेशा जागा व पूर्वतयारीची सोय असावी. विद्यार्थिनींच्या अनुभवशिक्षणाचा काही भाग खांडबाऱ्यासारख्या ग्रामीण रुग्णालयांत व्हावा. नेमणुका कायम असाव्यात, आणि रुग्णालयाच्या आवारात सुरक्षित निवासस्थान असावे. शेवटी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला प्रत्यक्ष किती परिचारिका हजर होत्या, हा आकडा शासनाने दर महिन्याला प्रसिद्ध करावा. १५७ महाविद्यालयांच्या यशाचे माप आम्ही उद्घाटनाच्या कोनशिलांवरून घेणार नाही. खांडबाऱ्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता हाक मारली असता ओ देणारी परिचारिका आहे की नाही, यावरून घेऊ.