डावीकडे कोकण!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरंशुभ्र जहाज, डेकवर गॉगल लावून पहुडलेली गोरी माणसं आणि 'टायटॅनिक'मधली ती हात पसरलेली पोझ. आपला त्याच्याशी संबंध एवढाच, की ऑफिसातलं कुणीतरी सिंगापूरला जाऊन येतं आणि लंच अवरमध्ये फोटो दाखवतं. पण गेल्या काही वर्षांत प्रकरण बरंच जवळ आलंय. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जायला लागलं आणि क्रूझ एकदम वीकेण्डच्या मापात आली. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप मिटायचा, रविवारी परत. रजा किती? एक. ज्यांच्या सुट्ट्या तासांवर मोजल्या जातात त्यांना आणखी काय हवं!

आमच्या घरी सुट्टीचं गणित फार सोपं आहे. नवऱ्याचं गाव लांजा. त्याच्या वर्षाच्या रजेतून शिमगा वजा करा, मे महिन्यातले आंबे-फणस वजा करा, गणपतीचा आठवडा वजा करा. उरते ती आजारपणाची. मी फ्रीलान्सर, म्हणजे मला रोजच सुट्टी असते असा तमाम नातेवाइकांचा समज. लग्नाला अडीच वर्षं झाली आणि 'फक्त दोघं' या सदरात आमच्या खात्यावर हनिमूनचे पाच दिवस जमा होते. बस्स.

त्यात गेल्या वर्षी सासरे गेले. सासूबाई लांज्याच्या घरात एकट्या. मुंबईला या म्हटलं की "चार दिवस येईन" म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी गाईची आठवण काढतात. तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात एक घोळत होतं. निदान वर्षभर गावी जाऊन राहू, तिथूनच काम करू. त्याचं काम कीबोर्डवर चालतं, माझं माणसांवर. मी मुंबईत नसले तर आठवड्यातल्या दोन असाइनमेंट सरळ दुसऱ्या कुणाच्या. हे मी त्याला सांगितलं होतं का? अर्धवट. त्याने मला नीट विचारलं होतं का? तेही अर्धवट. विषय निघायचा, कुणाचा तरी कॉल यायचा आणि 'नंतर बोलू' या फोल्डरमध्ये आणखी एक फाइल जायची. तुमच्याकडेही असेल असा फोल्डर. सगळ्यांकडे असतो.

असो. तर बॅलार्ड पिअर. सगळं अगदी एअरपोर्टसारखं. बॅगा स्कॅन, ओळखपत्र, हातात एक कार्ड. तीच तुमच्या केबिनची किल्ली आणि तोच जहाजावरचा तुमचा पैसा. निघण्याआधी सेफ्टी ड्रिल. लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा वाजला तर कुठे जमायचं. बरेच लोक यावेळी सेल्फी काढत असतात. प्लीज, ते नंतर काढा.

'एम्प्रेस' दिसायला नवीकोरी वाटते, पण बाई चांगल्या अनुभवी आहेत. फ्रान्समधल्या सेंट नाझेरला बांधणी, 1990 मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने पाण्यात, मग मालक बदलले, नावं बदलली. अकरा डेक, लांबी दोनशे मीटरच्या वर. आमची केबिन इंटिरिअर, म्हणजे बिनखिडकीची. बाल्कनीच्या केबिनचा रेट बघून आम्ही दोघांनी एकाच वेळी "आपण केबिनमध्ये कितीसे बसणार?" असं म्हटलं होतं. लग्नातलं हे एकमत मला फार आवडतं.

जहाज हललं ते कळलंच नाही. गेटवे मागे गेला, इमारती पुसट झाल्या आणि मोबाइलच्या काड्या एकेक करत गळाल्या. जहाजावर वायफायचं पॅक मिळतं, पैसे मोजून. आम्ही घेतलं नाही. पहिले दोन तास नवऱ्याचा अंगठा सारखा खिशाकडे. मी कुठली मोठी संत? मीही दोनदा मेल चेक करायला फोन काढलाच.

मग बुफे. जैन फूडचा वेगळा काउंटर, शेजारी बटर चिकन. एकसारखे टीशर्ट घातलेली नवी जोडपी. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत एकोणीस जणांचं एक गुजराती कुटुंब, ज्यांचे डबे बुफे असूनही उघडले होते. थिएटरमध्ये शो, कुठे डीजे, कुठे कसिनो. हे सगळं ब्रोशरमध्ये असतं, त्यामुळे त्यावर जागा घालवत नाही. ब्रोशरमध्ये नसतं ते एवढंच, की अकराच्या सुमाराला तुमचं सगळं करून होतं. पुढचा पॉइंट नसतो. गाडी नाही, टॅक्सीवाला नाही, 'जवळपास बघण्यासारखं' काही नाही. फक्त डेक, वारा आणि तुम्ही ज्याच्याबरोबर आलात तो माणूस.

रात्री अडीचला जाग आली तर शेजारी नवरा नाही. बिनखिडकीच्या खोलीत काळोख म्हणजे खरा काळोख. वर गेले तर साहेब डाव्या बाजूच्या कठड्याला टेकून उभे. लांबवर मच्छीमार बोटींचे दिवे आणि त्यामागे नुसतं काळं.

"आता साधारण आपलं गाव असेल," तो म्हणाला.

तसं बघितलं तर लांजा समुद्रावर नाही. हायवेवर आहे, आणि समुद्र चांगलाच लांब. पण त्याच तालुक्यातल्या माचाळच्या डोंगराकडून मुचकुंदी नदी निघते, साटवलीवरून जाते आणि पूर्णगडला समुद्राला मिळते. एकेकाळी या खाडीने साटवलीपर्यंत माल यायचा, तिथे छोटीशी गढीही आहे. म्हणजे आमच्या डावीकडच्या त्या अंधारात कुठेतरी पूर्णगड होतं आणि खाडीने आत आत गेलं की सासूबाई, एकट्या, गाढ झोपलेल्या.

नवरा बंदरांची नावं घ्यायला लागला. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. ही त्याच्या आजीची पाठ यादी. तिच्या काळी मुंबईहून गावाला जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं आजही घरातल्या मोठ्यांच्या तोंडी आहेत. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, नाकाशी लिंबू धरायचं. बरीच बंदरं अशी, की बोट बाहेरच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पोरं पडावात उतरवली जायची. पावसाळ्यात सगळं बंद. पुढे बोटी बंद पडल्या, एसटी होतीच, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पूर्ण धावायला लागली. आता त्याच पाण्यातून आम्ही चाललो होतो, हातात कोल्ड कॉफीचा रिकामा ग्लास.

"मला तिथे कायमचं जायचं नाहीये," तो समुद्राकडे बघतच म्हणाला. "पण ती पडली-बिडली, तर मला कळायला दुसरा दिवस उजाडेल. तेवढंच येतं डोक्यात."

मग मीही बोलले. असाइनमेंटचं, पैशाचं, आणि हेही, की लांज्यात मी 'सूनबाई' असते, मुंबईत माझ्या नावाची असते, आणि मला ते नाव सोडायची भीती वाटते. तो एकदाही "बघू" म्हणाला नाही. मीही नाही. पहाटेपर्यंत बसलो. मधे एकदा चिडून मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले, पण जहाजावर दार आपटून जाणार कुठे? पाच मिनिटांत परत आले. दहा दिवस तो तिथे, वीस दिवस इथे, असा काहीतरी आकडा उजाडता उजाडता निघाला.

गोवा? हो, मुरगावला उतरलो, वास्कोत फिश थाळी खाल्ली, परत आलो. दोघांनाही प्रचंड झोप येत होती.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला, येताना उजव्या. बाल्कनी घेणारच असाल तर तेवढं बघून बुक करा. सूर्यास्त हवा असेल तर अर्थातच उलटं. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी डॉक्टरला विचारून आणि निघण्याआधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर उपयोग नसतो. जेवण तिकिटात असतं, ड्रिंक्स सहसा नसतात, आणि कार्ड नुसतं टेकवायचं असल्यामुळे हिशेब शेवटच्या सकाळी कळतो. आणि दिवाळीनंतर जा. तेव्हा समुद्र पुष्कळ शहाणा असतो.

पंधरा दिवसांनी लांज्याला गेलो. क्रूझचं फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पहिलं नाव घेतलं होतं 'रामदास'चं. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेतच बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. सासूबाईंचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण बोट म्हटलं की त्यांच्या पिढीला घरातून हीच गोष्ट ऐकायला मिळाली. आता मात्र त्यांना फोटो बघायचे होते. स्विमिंग पूल बघून म्हणाल्या, "समुद्रात जाऊन तळीत पोहायचं?" मग विचारलं,

"काय गो, पोटात ढवळलं नाय?"

"नाही आई."

"नि वाटेत खंय खंय लागली बोट?"

"कुठेच नाही. थेट गोवा."

त्यांना हे काही पटलं नाही. एवढी मोठी बोट आणि रत्नागिरीला थांबत नाही, जैतापूरला थांबत नाही, मग लोक उतरतात कुठे?

दहा दिवसांचं नवऱ्याने जेवताना सांगितलं. त्या भात वाढत राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी येव नको. यायचं तर ये." आणि मला म्हणाल्या, "तू तुझी कामं सोडू नको हां. हा आला तरी तुझ्यासारखी आमटी काय त्याला जमणार नाय, पण मी शिकवीन." नवऱ्याने मान खाली घालून भात कालवला.

बॉसने तीन महिने ट्राय करू म्हटलंय. माझा एक संपादक आत्ताच विचारतोय की कोकणातून काही स्टोरी मिळतील का. माडीवरच्या खोलीत टेबल लावून झालंय, शेजारच्या फणसाची फांदी खिडकीत येते ती तोडायची की नाही यावर मायलेकांचं अजून जमलेलं नाही. इंटरनेटवाला सोमवारी येतो म्हणालाय. कुठल्या सोमवारी, ते त्याने सांगितलेलं नाही.