शांततेची मागणी दोन्ही दारी हवी

महासत्तांमधील युद्ध हा राष्ट्रप्रमुखांचा विषय, त्यात सामान्य माणूस काय करणार, असा हताश सूर नेहमी ऐकू येतो. तो इतिहासाला धरून नाही. सामान्य नागरिकांनी महासत्तांना आवर घातल्याची उदाहरणे आहेत. मात्र शांततेच्या नावाखाली एकाच पक्षाचे हात बांधण्याचा उद्योगही त्याच इतिहासात आहे. आपल्याकडील स्वयंघोषित शांतिदूतांना पहिल्याचे विस्मरण आणि दुसऱ्याचे आकर्षण!

मार्च १९५० मध्ये स्टॉकहोमहून अणुबॉम्बबंदीचे आवाहन निघाले. त्या चळवळीची सूत्रे मॉस्कोच्या हाती होती. भारतासह जगभर सह्या गोळा होत असतानाच २५ जून रोजी उत्तर कोरियाचे सैन्य दक्षिणेत घुसले, तेही स्टालिनच्या पूर्वसंमतीने! सह्या करणाऱ्या असंख्य भाबड्या माणसांचा हेतू शुद्धच होता. पण त्या शुद्ध हेतूच्या आडून आक्रमणाची सिद्धता चालली होती.

याउलट अमेरिकेतील सेंट लुइस शहराचे उदाहरण पाहावे. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरणारे किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत उतरते, ही शंका तपासण्यासाठी १९५८ पासून तेथील नागरिक आणि शास्त्रज्ञांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख दात गोळा झाले. शंका खरी ठरली. क्युबाच्या पेचाने १९६२ मध्ये दोन्ही राजधान्या हादरल्या होत्याच. पण जनमताची भूमी तयार केली ती अशा पुराव्यांनी. ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरण, अवकाश आणि समुद्रातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. तो अमेरिकेइतकाच सोव्हिएत संघालाही बांधणारा होता. हे महत्त्वाचे.

जून १९८२ तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. १२ जूनला न्यूयॉर्कमध्ये सुमारे १० लाख लोक अण्वस्त्रांविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात मॉस्कोत मूठभर नागरिकांनी दोन्ही देशांत परस्परविश्वास निर्माण व्हावा म्हणून एक स्वतंत्र गट स्थापन केला. ऑगस्टमध्ये त्यांच्यातील चित्रकार सर्गेई बातोव्हरिन यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली! शांतता मागणे हे तेथे वेडाचे लक्षण ठरले. आमच्या डाव्या विचारवंतांपैकी किती जणांनी तेव्हा निषेधाचे पत्रक काढले?

आज हा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील १९८७ चा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली. चीन तर अशा कोणत्याही मर्यादेत कधी नव्हताच. म्हणून वॉशिंग्टनला विचारला जाणारा प्रश्न मॉस्को आणि बीजिंगलाही तितक्याच खड्या आवाजात विचारला गेला पाहिजे. जेथे प्रश्नकर्त्याचे तोंड बंद केले जाते, तेथे त्याचा आवाज बाहेरच्यांनी व्हावे. घोषणेपेक्षा पुरावा आणि अफवेपेक्षा अभ्यास श्रेष्ठ मानावा.

पाच गावांवर समाधान मानण्याचा प्रस्ताव घेऊन श्रीकृष्ण हस्तिनापुरी गेले, तेव्हा पांडवांनी आपली सेना विसर्जित केली नव्हती. शिष्टाई प्रामाणिक होती आणि सिद्धताही पूर्ण होती. समर्थ राष्ट्राच्या जागरूक नागरिकाने मागितलेल्या शांततेलाच जगात किंमत असते. दुर्बलाची शांतता ही केवळ याचना ठरते.