ओल येते कुठून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेळगावच्या घरात आज्जीच्या खोलीला पुन्हा ओल आली. भिंतीचे पोपडे, कपाटामागे बुरशी आणि रात्रभर आज्जीचा खोकला. "आता हे पाडून फ्लॅटच बांधूया," धाकटा भाऊ म्हणाला. आज्जी काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

चार वर्षांपूर्वी थोडी ओल दिसली, तेव्हा आम्ही जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला होता. वर वॉटरप्रूफ रंगही दिला. दोन वर्षं भिंत छान दिसली, मग ओल हातभर आणखी वर चढली.

या वेळी जुन्या गवंडीकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "रंगाचं मागनं बघू. आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा."

कसं शोधायचं तेही त्यांनीच शिकवलं. ओल वरून उतरत असेल तर कौलं आणि पन्हळ बघायची. बारा महिने एकाच जागी असेल तर नळाचा पाइप. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत आडवा पट्टा आणि त्यावर पांढरा लोणा असेल, तर पाणी बहुधा जमिनीतून चढतंय. खात्रीसाठी वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवायची. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली, तिथे खोलीत वारा खेळता ठेवायचा. आमच्याकडे थेंब भिंतीच्या बाजूला होते.

बाहेर जाऊन पाहिलं, तर गुन्हेगार आम्हीच! गिलाव्याच्या आदल्या वर्षी चिखल नको म्हणून अंगणात भर घालून फरशी बसवली होती. त्यात घराचं जोतंच झाकलं गेलं. पावसाचं पाणी भिंतीला टेकून साचायचं, दगडमातीची भिंत ते ओढून घ्यायची. चुन्यातून निदान वाळायला वाट होती. सिमेंटनं तीही बंद केली.

दिवाळीनंतर भिंतीलगतची फरशी आणि भर काढली, जोतं मोकळं केलं, पाण्याला गटाराकडे उतार दिला. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. जाड भिंत वाळायला महिने लागतात, म्हणून ओलीच्या कडेवर पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिली.

यंदाचा जुलै संपत आला. ओल रेघेच्या वीतभर खाली आहे. भाऊ रोज सकाळी बघून जातो, फ्लॅटचं नाव काढत नाही.

तुमच्या घरात ओल असेल, तर रंगाचा डबा आणण्याआधी भर पावसात छत्री घेऊन एकदा घराभोवती फिरून या.